गिटारीच्या खुंट्या

सन दोन हजार आठ. मला एकोणसत्तरावं लागलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीत खिळा ठोकायला कोणाची परवानगी मागितली. भिंत मुलाचीच होती, इंदिरानगरच्या फ्लॅटची. पण गावाकडे खिळा ठोकताना मी कोणाला विचारलं नव्हतं.

"दादा, जपून. आतून वायरिंग गेलंय," मुलगा म्हणाला.

"मला नको शिकवू. वायर कुठून जाते ते बटणाकडं बघून कळतं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण तारेचं काम मला जेवढं कळतं तेवढं शिकलेल्याला कळत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. नव्वद सालानंतर ओझरपासून दिंडोरीपर्यंत जिकडेतिकडे द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. द्राक्षाची वेल आपल्या पायावर उभी राहत नाही. तिला आधी मांडव लागतो. लोखंडी अँगल रोवायचे, त्यांच्या भोकांतून तारा ओवायच्या, दोन्ही टोकांना ताण द्यायचा. हे मांडव मी बांधले. तार ताणून झाली की तिच्यावर टिचकी मारायची, आवाज कानाला खणखणीत लागला की पुढच्या ओळीला जायचं. माझ्या हाताखालचा मांडव भर घडांच्या वजनाने बसला, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय.

त्या वर्षी वैशाखात, भाच्याच्या हळदीत, ही बसल्या जागी कलंडली. ही म्हणजे माझी बायको. डावी बाजू गेली. दवाखान्यातून सोडल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, गावाकडे कोण करून घेणार? म्हणून मुलाने आम्हा दोघांना इंदिरानगरला आणलं. हॉलमध्ये खिडकीखाली हिची लोखंडी खाट टाकली. तोंड जरा वाकडं झालं होतं, शब्द जड यायचा, मध्ये थांबायचा. पण टोमणा शाबूत होता.

मी दिवसभर त्या हॉलमध्ये. सून हिला न्हाऊ घालायची, भरवायची. व्यायामाचा डॉक्टर एक दिवसाआड यायचा, तिशीतला पोरगा, हिचा हात धरून वर-खाली करायचा. मुलगा औषधं आणायचा. प्रत्येकाला काही ना काही काम होतं, मला नव्हतं. मी खुर्चीत बसून हिच्या डाव्या हाताकडे बघत राहायचो. तो मांडीवर पडलेला असायचा, दुसऱ्या कोणीतरी ठेवून गेल्यासारखा. या हाताने चाळीस वर्षं माझ्या भाकरी थापल्या, आणि मला त्याचं काहीच करता येत नव्हतं. बिघडलेलं इंजिन निदान उघडून तरी बघता येतं.

नातीचा मामा अमेरिकेत. त्याने तिला टीव्हीला जोडायचा खेळ आणला होता, आणि त्याच्यासोबत दोन प्लॅस्टिकच्या गिटारी. नात नववीत. टीव्हीवर रंगीत टिकल्या खाली घरंगळत यायच्या, त्या रंगाचं बटण गिटारीच्या दांड्यावर डाव्या हाताने दाबायचं, उजव्या हाताने मधली पट्टी हलवायची, मग गाणं वाजायचं. दांड्यावर पाच बटणं, हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली.

"हिला तारा कुठंयत?"

"तारा नसतात आबा हिला. ही खेळातली आहे."

"तारेशिवाय गिटार? मग तुझ्या मामाला गंडवलंय कुणीतरी."

खेळून झालं की दोन्ही गिटारी जमिनीवर. एकदा माझा पाय पडला, एकदा सून अडखळली. मुलाने कॉम्प्युटरवर बघितलं, गिटार टांगायची खुंटी विकत मिळते म्हणाला. किंमत ऐकून मला हसू आलं. वळवलेला एक तारेचा तुकडा आणि दोन स्क्रू! मी म्हणालो, "ऑर्डर नको देऊ. मी अजून मेलो नाही."

गावाहून येताना मी पिशवीत पक्कड आणि भोकं पाडायचं गिरमिट आणलं होतं. का आणलं ते विचारू नका, कपडे विसरलो पण ते आणलं. तार गंजमाळच्या भंगारवाल्याकडे मिळाली, बारा नंबरची, जस्ताचं पाणी दिलेली. फळीचा तुकडा बिल्डिंगमध्ये फर्निचरचं काम चालू होतं तिथून.

पहिली खुंटी मी दोन बोटं पुढे केलेल्या हातासारखी वळवली. गिटारीचं डोकं रुंद, मान बारीक. मान दोन बोटांच्या मध्ये, डोकं वर अडकतं. टांगली, छान बसली. संध्याकाळी नात किंचाळली, "आबा, ओरखडा!" तारेने मानेचा काळा रंग खरवडला होता. मी गावाला फोन करून पुतण्याला सांगितलं, ठिबकची जुनी नळी दोन हात कापून एसटीने पाठव. तो म्हणाला, "नळी? तिथं काय बाग लावली का काका?" ती नळी तारेवर चढवली. आत तार, वर मऊ रबरासारखी नळी. ओरखडा बंद.

मग गिटार तिरकी लोंबायची. नातीला चालत होतं, मला चालेना. ओळंबा सोडून बघितलं तर एक बोट दुसऱ्यापेक्षा सुतभर लांब. पुन्हा वळवलं. मग कोणाचा धक्का लागून ती पडू नये म्हणून पुढून तारेची एक कडी केली, दाबली की उघडते, सोडली की बंद. ही कडी दुकानातल्या खुंटीला नसते, मुलानेच सांगितलं. दोन खुंट्या टीव्हीच्या बाजूला लागल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितल्या आणि म्हणाल्या, "काका, मला एक झाडूसाठी करून द्या ना." मला राग आला आणि मी त्यांना दोन करून दिल्या.

ही खाटेवरून सगळं बघत होती. म्हणाली, "तिकडं... सगळ्यांना खुंट्या. मला एक... मला टांगा."

गिटार हिच्या हाती दिली ती नातीने, गंमत म्हणून. मांडीवर ठेवली, डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. "आजी, हिरवं दाबा." बोट हललं नाही. नात म्हणाली, "दाबा ना, गाणं अडलंय." आणि करंगळीशेजारचं बोट हललं. हिरवं नाही, पिवळं दाबलं गेलं, पण दाबलं गेलं. सून स्वयंपाकघरातून धावत आली. मी उठून उभा राहिलो आणि पुन्हा बसलो, दुसरं काय करणार?

व्यायामाच्या डॉक्टरला दाखवलं. तो खूष झाला. बोटं अशी स्वतःहून हलायला लागली तर हात परत येण्याची आशा आहे, म्हणाला, रोज करा. अडचण एकच, मांडीवर गिटार राहायची नाही, घसरायची. मी लगेच म्हणालो, "खाटेशेजारी भिंतीला टांगतो. ही कडेला बसेल, दांडा समोर येईल."

"छान कल्पना आहे काका. फक्त एक." त्याने आपला पंजा हिच्या खांद्याला लावला. "हात याच्या वर जाता कामा नये. खांद्याचे स्नायू सैल पडलेत. कोपर खाली, बटणं छातीसमोर."

तिसरी खुंटी मी जीव ओतून केली. भिंतीला एक उभी लाकडी पट्टी बसवली, भिंतीच्या भोकांत लाकडाच्या गुल्ल्या ठोकून, त्यांत चार स्क्रूंनी. पट्टीत गिरमिटाने सात भोकं पाडली, चार-चार बोटांच्या अंतराने, मांडवाच्या अँगलला असतात तशी. खुंटी हव्या त्या भोकात बसवायची. बसवून झाल्यावर मी तिला दोन्ही हातांनी लोंबकळलो. मुलगा ओरडला, "दादा!" मी म्हणालो, "बघ. हलली का?"

डॉक्टरने खालून तिसरं भोक ठरवून दिलं. श्रावण अर्धा सरेपर्यंत रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. नात जमिनीवर बसून पट्टी हलवायची, आजी खाटेच्या कडेला बसून बटणं दाबायची. सगळ्यात सोपं गाणं लावायचे. तरी हिच्या चुका.

"आजी, लाल! लाल!"

"दाबते गं... लाल काय... पळून जातंय?"

"हो, पळूनच जातंय!"

दोन बोटं चालायला लागली, मग तीन. पण हात काही खांद्यातून उठेना. तो नातीने उचलून दांड्यावर ठेवायचा, खेळ संपला की उतरवायचा. मला ते बघवेना. बोटं चालतात आणि हात मेलेला, याला काय अर्थ? मी डॉक्टरला विचारलं, खांदा कधी उठणार. तो म्हणाला, "सांगता येत नाही. घाई करू नका."

आता माझं म्हणणं सांगतो, चुकीचं निघालं तरी सांगतो. वेलीची काडी जिथे आहे तिथे बांधून ठेवली तर ती तिथेच राहते. तिला वरच्या तारेला बांधावं लागतं. जरा ताण बसतो, एखादं पान पिवळं पडतं, पण काडी वर चढते. हे मी हजारो वेलींना केलंय. त्या पोराने पुस्तकात वाचलं असेल, मी हाताने केलं होतं. मला वाटलं, हा भितो. हिला भीती दाखवून ठेवली तर हिचा हात मांडीवरच म्हातारा होईल.

दुपारी सून शिकवण्या घ्यायला जायची, नात शाळेत, मुलगा कामावर. तीन तास आम्ही दोघंच. एका दुपारी मी खुंटी चौथ्या भोकात बसवली.

"वर केली... तुम्ही," ही म्हणाली.

"चार बोटंच. हात तूच उचल. मी धरणार नाही."

"नाय होत."

"होतंय."

तिने दात आवळले, खांदा वर ओढला, सगळं अंग उजवीकडे कललं, आणि हात उठला. स्वतःहून. दांड्याला टेकला. मी तिला शाबासकी दिली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. नुसता "हं" म्हणालो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण मला तोंड दाखवता येईना.

कोणी यायच्या आत खुंटी परत तिसऱ्यात. चार दिवस असं चाललं. मग पाचवं भोक. त्याला ती कण्हली, पण पोचली. डॉक्टर आला तेव्हा हात जरा उठवून बघितला आणि म्हणाला, "अरे वा, हालचाल आलीय." ही माझ्याकडे बघत होती. मला इतका अभिमान वाटत होता की डॉक्टरला सांगून टाकावं असं वाटलं, पण म्हटलं, पूर्ण हात वर गेल्यावरच सांगू, मग बघू त्याचं तोंड.

तो गुरुवार होता. मी खुंटी सहाव्या भोकात बसवली. दांडा हिच्या कपाळाच्याही वर आला.

"नाय पोचायचा... आज दुखतोय."

"कालपण दुखतच होता."

"अहो... दुखतोय."

"उचल म्हणतो ना. थोडंच राहिलं."

तिने उचलला. कपाळापर्यंत आला, थांबला, मग तिने सगळं बळ लावून झटका दिला आणि बोटं दांड्यामागे अडकली. मी म्हणालो, "बघ!" आणि त्याच क्षणाला तिची मूठ वळली. ते मला माहीत नव्हतं. ज्या हातातून जीव जातो तो हात कधीकधी असा आवळतो की सुटत नाही. तिचं वजन खाटेच्या कडेला आलं होतं, बूड घसरलं, आणि ती खाली गेली. हात वरच राहिला.

खुंटी हलली नाही. कडीने गिटार धरून ठेवली, पट्टीने कडी धरून ठेवली, गुल्ल्यांनी पट्टी धरून ठेवली. काहीही तुटलं नाही. कच्चं काम असतं तर सगळं तिच्यासोबत खाली आलं असतं आणि तिला थोडं खरचटलं असतं.

ती ओरडली नाही. फक्त श्वास आत ओढला तो बाहेर येईना. मी एका हाताने तिला काखेत धरलं, दुसऱ्या हाताने तिची बोटं सोडवायला लागलो. एक सोडवलं की दुसरं वळायचं. कडी दाबायला तिसरा हात पाहिजे होता. माझीच कडी, दाबली की उघडते, आणि मला तिथपर्यंत पोचता येईना. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मी हाका मारत होतो, कोणाला ते मलाही ठाऊक नाही. हिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत होती, "सोडा... सोडा." मी काय धरून ठेवलं होतं का? मी तर सोडवतच होतो.

दार उघडलं. नात शाळेतून आली होती, मागोमाग खालच्या मजल्यावरच्या बाई. नातीने दप्तर टाकलं, खाटेवर चढली, कडी दाबली. गिटार सुटली आणि हात खाली आला. खाली आला तेव्हा खांद्याच्या जागी खड्डा होता.

बाई रिक्षा बोलवायला पळाल्या. नात आजीला धरून बसली. मी चपला शोधतोय म्हणून मागे वळलो आणि खुंटी सहाव्यातून काढून तिसऱ्या भोकात बसवली. हे लिहायला मला लाज वाटते. पण मी ते केलं.

दवाखान्यात खांदा बसवला. हात छातीशी बांधून टाकला. आम्ही दिवेलागणीला घरी आलो, आणि व्यायामाचा डॉक्टर निरोप मिळाल्यामुळे येऊन बसला होता. त्याने पट्टीकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं.

"खुंटी तर तिसऱ्यात आहे. मग हात खांद्याच्या वर गेला कसा?"

मुलाने विचारलं, "आता किती मागे गेलं हे?"

"खांदा बांधून ठेवायचा म्हणजे बोटांचंही थांबलं. जे आलं होतं ते राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

सून नातीवर घसरली. "खेळताना तूच वर केली असशील. आणि आता घाबरून खाली केलीस. खरं सांग."

"मी नाही केली."

"मग काय आपोआप चढली?"

नातीचा चेहरा लाल झाला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो. तोंड उघडायचं होतं, खरंच उघडायचं होतं, पण सून समोर, मुलगा समोर, तो तिशीतला पोरगा समोर, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. चाळीस वर्षं गड्यांना शिव्या देणारी जीभ.

ही खाटेवरून म्हणाली, "मीच... उभी राहिले. धरून... बघावं म्हटलं. हौस."

"आई, कशाला असले उद्योग!" मुलगा वैतागला. तिने डोळे मिटून घेतले. नातीने तिन्ही खुंट्यांकडे न बघता दोन्ही गिटारी खोक्यात भरल्या आणि खोकं माळ्यावर टाकलं. सुनेने हिला भात भरवला. मला वाढलं, मी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात शाळेला निघाली तेव्हा मी तिच्यामागे जिना उतरलो. गेटपाशी थांबवलं.

"काल खुंटी मी वर केली होती."

"माहीत आहे आबा. मी कडी दाबली तेव्हा ती सहाव्यात होती."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दप्तराचा पट्टा सारखा केला. "तुम्ही बोलाल असं वाटलं." रिक्षा आली आणि ती गेली.

मी वर आलो. सून आणि मुलगा चहा घेत होते. उभ्याउभ्याच सांगितलं, चौथं भोक, पाचवं भोक, सहावं भोक, सगळं. सुनेने कप खाली ठेवला. मुलगा म्हणाला, "दादा, त्यांनी पंजा ठेवून दाखवलं होतं." एवढंच. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी डॉक्टरला फोन लावला. नंबर फ्रीजवर लिहिलेला होता. त्यालाही सांगितलं.

"काका, तीन बोटं चालत होती हो त्यांची," तो म्हणाला.

"आता मी काय करू?" असं मी त्या दिवसापर्यंत कोणाला विचारलं नव्हतं.

"काही करू नका."

"काहीतरी असेल. मालीश, शेक..."

"तीन आठवडे हात लावायचा नाही. काहीच करायचं नाही, काका."

फोन ठेवला. ही जागी होती. सगळं ऐकलं असणार, पण माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होती, बांधलेला हात छातीवर. मी खुर्ची तिच्या उजव्या अंगाला ओढली, चांगल्या हाताच्या बाजूला, आणि बसून राहिलो. दहाच्या सुमाराला तिने पाणी मागितलं. सुनेने आणून दिलं.

मी दुपारपर्यंत तिथेच बसलो होतो.